एकशे साठ चिंचोके

१० जानेवारी, शनिवार

बत्तीस किलोमीटर. वहीच्या पुठ्ठ्यावर हा आकडा तांबड्या शाईनं लिहून ठेवला आहे. नांदेडची बेचाळीस किलोमीटरची स्पर्धा पंधरा फेब्रुवारीला. तिच्या बरोबर तीन आठवडे आधी, पंचवीस जानेवारीच्या रविवारी, सरावातला सगळ्यात लांब पल्ला संपवायचा. तो चुकला तर नांदेडला जाऊन उपयोग नाही. एकोणसाठाव्या वर्षी शरीर भाषणाला भुलत नाही, त्याला आकडेच दाखवावे लागतात.

आज कालव्याच्या रस्त्यानं अठरा झाले. पुलाच्या कठड्यावर बूट काढताना माझा शाळेपासूनचा मित्र चंद्रभान म्हणाला, "गुरुजी, जहाजावर येतो का?"

मला वाटलं चेष्टा करतोय. चंद्रभानचं इथंच, ताडकळसला, कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याच्या कंपनीनं ठरवून दिलेला माल विकला म्हणून त्याला मुंबईहून समुद्रसफर मिळाली आहे. तेवीसला निघायचं, अठ्ठावीसला परत, एका दुकानदारामागं दोन माणसं. त्याच्या बायकोला, सविताला, पाण्याची भीती वाटते, ती नाही म्हणते, असं त्यानं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मानवतच्या बाजार समितीत मी याच सफरींवर बोललो होतो. शेतकऱ्याच्या पिशवीतून निघालेल्या पैशावर दुकानदार समुद्रात डुंबतात, असं म्हणालो होतो आणि मंडप दणाणला होता. चंद्रभान पहिल्या रांगेत बसून हसत होता. त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, "मग आता बघून तरी घे, कशात डुंबतेत."

मी कंपनीचा पाहुणा होणार नाही. चंद्रभानचा होईन. या दोन्हींत फरक आहे.

पण पंचवीस तारखेला बत्तीस किलोमीटर कुठं पळायचे?

१३ जानेवारी, मंगळवार

शाळेत जाऊन आलो. तिथं एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि एकतीस वर्षं सव्वीस जानेवारीला ध्वजवंदनानंतर बोललो. निवृत्तीनंतरचा हा पहिला प्रजासत्ताक दिन. नव्या मुख्याध्यापकांनी चहा पाजला, तब्येत विचारली आणि यंदा परभणीहून एक प्रेरणादायी वक्ते बोलावलेत असं सांगितलं.

मला याचं काही वाटलं नाही. घरी येऊन चंद्रभानला फोन केला की मी येतो.

१८ जानेवारी, रविवार

अठ्ठावीस किलोमीटर, तीन तास चार मिनिटं. शेवटचे चार मैदानावर. माझी जुनी विद्यार्थिनी संघप्रिया आणि तिच्या सोबतच्या पाच मुली आठशे मीटरचा सराव करत होत्या. पोलीस भरती जवळ आली आहे. हे मैदान म्हणजे गावच्या पूर्वेचं पाच एकर गायरान. बारा वर्षांपूर्वी मी आणि चंद्रभाननं त्यावर चारशे मीटरची फेरी आखली. टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. दर दिवाळीला आम्हीच चुन्यानं रेषा ओढतो. या फेरीवर पळून गावची अकरा पोरं वर्दीत गेली.

आता मानवतच्या एका व्यापाऱ्यानं बियाणं साफ करायच्या कारखान्यासाठी हीच जागा मागितली आहे. ग्रामसभेनं 'हरकत नाही' असा ठराव दिला की अर्ज पुढं सरकणार. मी बसलेलो असताना तो ठराव होणार नाही. मागं मोबाईलच्या मनोऱ्याला आणि त्याआधी मंगल कार्यालयाला हीच जागा हवी होती. दोन्ही वेळा मी उभा राहिलो, आणि मी बसेपर्यंत विषय संपला होता.

काळजी एवढीच होती की ग्रामसभा सव्वीसलाच असते. चंद्रभाननं ती मिटवली. ग्रामसेवक प्रशिक्षणाला जाणार आहेत, सभा तीसला ढकलली आहे. मी अठ्ठावीसला मुंबईत आणि एकोणतीसला गावात असेन.

घरी बायकोला, सुकेशनीला, हे सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी स्वतः इचारलं का ग्रामसेवकाला?"

मी म्हणालो, चंद्रभाननं विचारलंय.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि सुपातले खडे बाजूला काढत राहिली. कधी कधी तिच्या बोलण्याचा रोख कळत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

परभणी स्टेशनवरून लिहितोय. गाडीला वेळ आहे.

निघताना चंद्रभानच्या घरी गेलो. सविता दारात उभी होती. तिनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला, पण बोलली नाही. एरवी मला दारातच चार टोमणे मारते. चंद्रभाननं जांभळी नवी कोरी बॅग बाहेर काढली, तिच्या मुठीला गुलाबी फीत बांधलेली. मी म्हणालो, वहिनी, ह्याला ही आवड कधीपासून? ती आत निघून गेली. पाण्याला भिणाऱ्या माणसाला जाणाऱ्याचीही काळजी वाटत असणार.

सुकेशनीनं चिंचोके दिले आहेत. चिंच फोडताना निघालेले, धुऊन वाळवलेले. जहाजावर धावायला फेरी असते असं वाचलं आहे, दोनशे मीटरची. बत्तीस किलोमीटर म्हणजे एकशे साठ फेऱ्या. डाव्या खिशात एकशे साठ चिंचोके घ्यायचे आणि फेरीगणिक एक उजव्या खिशात टाकायचा.

२३ जानेवारी, शुक्रवार

जहाज म्हणजे ताडकळसच्या आठवडी बाजाराला बारा मजले चढवून वर दिवे लावावेत तसं. चढण्याआधी कंपनीचा माणूस यादी तपासत होता. माझं नाव हातानं लिहिलेलं होतं, त्याच्याखाली छापलेलं एक नाव खोडलेलं. 'सौ.' एवढं वाचता आलं. तो म्हणाला, उशिरा बदल कळवला ना तुम्ही लोकांनी, आठवडाच झाला. म्हणजे वहिनीनं शेवटच्या क्षणी कच खाल्ली.

खोली दोघांत एक. पलंग जोडलेले. त्यावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. चंद्रभाननं तो उलगडून तोंड पुसलं.

धावायची फेरी अकराव्या मजल्यावर आहे. पावलं मोजून खात्री केली, दोनशे मीटरच. सकाळी सहाच्या आधी पळायची मनाई, खालच्या मजल्यावर लोक झोपलेले असतात. संध्याकाळी दोघांनी पाच किलोमीटर केले. पाय टाकावा तिथं जमीन नसते, थोडी वर नाही तर थोडी खाली असते. निम्मी फेरी वारा छातीवर घेतो, निम्मी पाठीवर.

आणि एक गंमत. विद्यार्थ्यांनी निवृत्तीला दिलेलं घड्याळ उपग्रहावर अंतर मोजतं. पाच किलोमीटर मी पळालो आणि घड्याळ म्हणालं सतरा. जहाजाचा वेगही ते माझ्याच नावावर धरतं. बूट बांधायला वाकलो होतो, एका जागी, तेव्हाही ते मला ताशी बत्तीस किलोमीटरनं पळवत होतं. चंद्रभान हसून म्हणाला, "गुरुजी, बसल्या जागी लांब चाललास." घड्याळ काढून बॅगेत टाकलं. चिंचोकेच खरे.

२४ जानेवारी, शनिवार. गोव्याच्या बंदरात

सकाळी आठ किलोमीटर, सावकाश.

सेलूचे, गंगाखेडचे, जिंतूरचे दुकानदार फेरीच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले असतात. सेलूचा एक जण दर फेरीला म्हणायचा, "सर, पळून पळून जाणार कुठं? चारी बाजूंनी पाणी हाय." पाचव्यांदाही तितकंच हसला.

बंदरात फोन चालू झाला. संघप्रियाचा निरोप होता. 'सर, ग्रामसभा कधी आहे नक्की? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागलाय म्हणतात, पण त्यावर दुसरा कागद चिकटवलाय.' मी लगेच कळवलं, तीस तारीख, खात्रीची माहिती आहे, मुलींनी सराव सोडून धावपळ करू नये. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

कंपनीचे विभागीय मॅनेजर दिनकरराव भेटले. मृदू माणूस, वाचन चांगलं. मानवतचं माझं भाषण त्यांनी मोबाईलवर ऐकलं आहे आणि त्यात राग धरण्यासारखं काही नाही असं म्हणाले. उद्याच्या मेजवानीत दोन शब्द बोलाल का, म्हणाले. मी म्हणालो, मी तुमच्या कंपनीचा कोणी नाही. ते म्हणाले, "कंपनीचे म्हणून नको. गावाच्या वतीनं बोला. इतके दुकानदार आहेत, पण एका तरी गावाचा आवाज ऐकू येऊ द्या."

चंद्रभान शेजारी उभा होता. वाटलं, तो नको म्हणेल. तो समुद्राकडं बघत होता.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी अकरा

झाले. एकशे साठ.

सहाला सुरुवात. चंद्रभान चाळीस फेऱ्या सोबत होता. मग गुडघा धरून खुर्चीवर बसला आणि मोजत राहिला. मी समोरून जाताना आकडा सांगायचा. साठनंतर ऊन आलं. नव्वदच्या सुमारास फरशी धुणाऱ्यांनी एक कोपरा ओला केला, तिथं सरळ पाऊल टाकून वळावं लागलं. शंभरनंतर मांड्या दगडाच्या झाल्या. मी मनातल्या मनात भाषण करत पळतो. समोर सभा आहे, तिला पटवायचं आहे आणि पटेपर्यंत थांबायचं नाही, असं धरून चाललं की पाय चालतात. आज मनातली सभा दिनकररावांची होती.

एकशे बाराव्या फेरीला चंद्रभान खुर्चीतून उठून माझ्या बरोबरीनं चालू लागला. म्हणाला, "गुरुजी, थांब जरा. एक सांगायचंय."

मी म्हणालो, आकडा सांग, बाकीचं नंतर.

"एकशे बारा," तो म्हणाला आणि परत जाऊन बसला.

शेवटची फेरी झाली तेव्हा माझा डावा खिसा रिकामा होता आणि तो म्हणाला, "एकशे साठ." वीस वर्षं आम्ही सोबत पळतोय, त्याची मोजणी कधी चुकली नाही. सविताचे दोन लाडू खाल्ले. त्याला विचारलं, काय सांगायचं होतं? तो म्हणाला, "काय न्हाई. पाणी पी म्हणायलो होतो."

रात्री, मेजवानीनंतर

अठरा मिनिटं बोललो. पाय जळत होते, पण ध्वनिक्षेपक हातात आला आणि सगळं विसरलो. बत्तीस किलोमीटर पळालेला माणूस आणि शाळेनं न बोलावलेला माणूस, दोघं मिळून उभे होते, असं आता वाटतंय.

मैत्रीवर बोललो. दोन वस्त्यांतली दोन पोरं एकाच पाटावर डबा उघडून बसली आणि आज एकाच कालव्याच्या रस्त्यानं धावतात, हे सांगितलं. काहींनी डोळे पुसले. शेवटी हात पसरून म्हणालो की ज्या कंपनीनं माझ्या मित्राचा सन्मान केला ती मला परकी नाही, गावाच्या वतीनं सांगतो, आमच्या गावाचं दार तुम्हाला सदैव उघडं आहे. खुर्च्या सरकवून लोक उभे राहिले.

चंद्रभान पुढं उभा राहून मोबाईलवर घेत होता. अठरा मिनिटं त्यानं हात खाली केला नाही. दुसऱ्या हातानं मनगट धरलं होतं. वीस वर्षांत त्यानं माझं भाषण कधी घेतलं नव्हतं. मला भरून आलं. मग तो जहाजाचं विकतचं वाय-फाय घेऊन मोबाईलवरून काहीतरी पाठवत बसला, घरी दाखवायला असेल.

२६ जानेवारी, सोमवार. कोचीच्या बंदरात

जहाज साडेअकराला धक्क्याला लागलं. फोन चालू झाला तसे संघप्रियाचे चौदा न लागलेले फोन दिसले. पहिला नऊ चाळीसचा. खाली एकच निरोप, अकरा वाजून सहा मिनिटांचा.

'सर, तुमचं भाषण झालं. ठराव मंजूर झाला.'

मला वाटलं मुलगी घाईत काहीतरी चुकीचं लिहून गेली. फोन लावला. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. सकाळी झेंडा झाला. साडेनऊला शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसली. फळ्यावरचा वरचा कागद कुणीतरी आदल्या संध्याकाळी काढला होता, खाली सव्वीस तारीख होती. विषय निघाला तेव्हा सात-आठ जण म्हणाले, सर येऊ द्या. तेव्हा सरपंचांनी लाऊडस्पीकरला मोबाईल लावला. माझा आवाज पटांगणभर घुमला. गावाच्या वतीनं सांगतो, आमच्या गावाचं दार तुम्हाला सदैव उघडं आहे. अर्जावर नाव व्यापाऱ्याचं होतं, मागं ही कंपनी होती. ते तिथंच सांगितलं म्हणे. सरांना ठाऊक आहे, सर कंपनीच्याच जहाजावर आहेत, असंही सांगितलं.

"लोकांनी टाळ्या वाजवल्या, सर," ती म्हणाली. "तुमी बोललं की वाजवतेतच."

मी अकराव्या मजल्यावर गेलो. चंद्रभान कालच्याच खुर्चीवर बसला होता. मला बघून उभा राहिला नाही.

विचारलं, कधीपासून ठाऊक होतं?

"दिवाळीपासून."

आणि सविता?

तो मग म्हणाला, "तिनं बॅग घेतली होती."

मी ओरडलो असेन. बाजूचे दुकानदार उठून गेले. विश्वासघात, लाचारी, बियाण्याच्या गोणीसाठी गावाची माती विकणं, जे सुचलं ते सगळं बोललो. तो ऐकत राहिला. शाळेतही असाच ऐकायचा. मी थांबलो तेव्हा म्हणाला, "झालं का? आता मी बोलू? माझा बजरंग त्या फेरीवर तीनदा पळाला, तीनदा राहिला. तू अकरा पोरं मोजतो. राहिलेली कोण मोजतंय? कंपनी त्याला गेटवर घ्यायलीय. पर्मनंट."

मग मला सांगायचं होतंस, मी म्हणालो. ग्रामसभेत उभं राहून सांगायचं होतंस.

"तुझ्यापुढं?" तो म्हणाला. "गुरुजी, तू गावात असल्यावर कुणाला बोलता येतंय? मनोऱ्याच्या टायमाला मी उठलो होतो. तुला आठवतं का मी काय म्हणालो?"

मला आठवलं नाही.

"मलाबी न्हाई आठवत आता. दुसऱ्याच वाक्याला लोक हसले."

हा आरोप मला कळलेला नाही. मी कुणाचं तोंड कधी धरलं नाही. युक्तिवादाला युक्तिवादानं उत्तर देणं यालाच लोकशाही म्हणतात, हे मी त्याला शंभर वेळा सांगितलं आहे. ज्याला उत्तर सुचत नाही त्यानं मित्राला समुद्रात नेऊन सोडावं, असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय?

२७ जानेवारी, मंगळवार. समुद्रात

चारी बाजूंनी पाणी.

पळालो नाही. खोलीत तो, म्हणून वर आलो. वर आलो तर तो आधीच खुर्चीवर, म्हणून जेवणघरात गेलो. तिथं दिनकररावांनी हात जोडले आणि अप्रतिम बोललात म्हणाले. सेलूचा दुकानदार आज 'पळून जाणार कुठं' असं म्हणाला नाही.

जोडलेले पलंग दिवसा ओढून वेगळे केले. ते साखळीनं जमिनीला बांधलेले आहेत, चार बोटंच सरकले. संध्याकाळी परत आलो तर सेवकानं ते जोडून ठेवले होते आणि मधोमध टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून.

घड्याळ बॅगेतून काढलं. उभा होतो तरी चालूच होतं.

२९ जानेवारी, गुरुवार

परभणीला उतरलो. चंद्रभान पुढच्या डब्यात होता. एस.टी.नं ताडकळसला आलो, घरी न जाता मैदानावर गेलो. पूर्वेच्या बाजूला लाकडी खुंट्या ठोकल्या आहेत, तांबड्या चिंध्या बांधलेल्या. एक खुंटी आमच्या फेरीच्या दुसऱ्या वळणावर, नेमकी चुन्यावर. संघप्रिया आणि पोरी तिला वळसा घालून पळत होत्या.

सुकेशनीनं पाणी दिलं. मी विचारलं नसताना म्हणाली, "सविता आली होती काल. त्यानं तिला सांगितलं होतं, कंपनीनं बायकांची सीट कॅन्सल केली. तिला तुमचा राग आलता. तुमी तिची जागा घेतली म्हणून."

मी म्हणालो, मला काय ठाऊक?

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

१ फेब्रुवारी, रविवार

पाचला नेहमीप्रमाणे पुलावर गेलो. तो कठड्यावर बसून बूट बांधत होता. जणू काही झालंच नाही. मी न थांबता पुढं गेलो. मागं त्याची पावलं ऐकू आली. दहा पावलांवर, कमी नाही, जास्त नाही. वीस किलोमीटर. मी वेग वाढवला तर वाढवायचा, मी पाणी प्यायला थांबलो तर तिथंच थांबायचा. 

मला त्याचा श्वास ओळखता येतो. चौदानंतर डाव्या गुडघ्यामुळं तो एक पाऊल जरा जास्त आपटतो. आज पंधराव्या किलोमीटरला आपटायला लागलं आणि माझा वेग आपोआप कमी झाला. ते लक्षात आल्यावर मी जोरात पळालो.

४ फेब्रुवारी, बुधवार

संघप्रिया घरी आली. विशेष ग्रामसभेची मागणी तिनं स्वतः लिहिली आहे. मसुदा चांगला आहे, दोन ठिकाणी मी शब्द बदलले असते. सह्या हव्यात. मी म्हणालो, सही देतोच, आणि त्या दिवशी मी असा बोलतो की पुन्हा कोणी त्या मैदानाचं नाव घेणार नाही.

ती चहा पीत नव्हती, कप नुसता धरून बसली होती. "सर, राग येऊ देऊ नका. तुमचा आवाज आता गावात दोन तऱ्हेनं वाजायलाय. लोकांनी कोणता खरा धरावा?"

मी समजावून सांगितलं की संदर्भ तोडून वापरलेलं वाक्य म्हणजे माझं मत नव्हे.

"पण वाक्य तुमचंच हाय ना?"

सुकेशनी आतून बाहेर आली आणि संघप्रियाच्या शेजारी बसली. माझ्या शेजारी जागा होती.

"सभेत मी बोलते," संघप्रिया म्हणाली. "तुमी फक्त झालं ते सांगा. एक वाक्य. तुमी जास्त बोलला की चांगलं होतंय, आणि मग ते कामाचं राहत न्हाई."

सही केली. माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलीनं मला एका वाक्यात बसवलं. ती गेल्यावर सात पानं लिहिली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ग्रामसभा झाली. सात पानं खिशात होती.

संघप्रिया बोलली. अडखळली, एकदा कागद उलटा धरला. आवाज मागं पोचत नव्हता. पण लोक पुढं सरकून ऐकत होते. माझ्या भाषणाला लोक मागं टेकून बसतात, हे आज पहिल्यांदा दिसलं. बजरंग उठला आणि म्हणाला की त्याला नोकरी पाहिजे. तो बसेपर्यंत कोणी हसलं नाही. मग संघप्रिया म्हणाली की कारखाना माळावरच्या पडीक जागेवरही होईल, तसं कंपनीला लिहून देऊ आणि पहिली नोकरी बजरंगलाच मागू. हे मला सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं.

मग तिनं माझ्याकडं बघितलं.

उभा राहिलो. वाक्य पाठ होतं. म्हणालो, "मी कंपनीच्या जहाजावर होतो. ग्रामसभा कधी आहे हे मी ग्रामसेवकाला विचारलं नाही, आणि गावाला न विचारता गावाच्या वतीनं बोललो."

एक वाक्य सांगितलं होतं, दोन झाली. खाली बसलो. टाळी पडली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी बोललो आणि टाळी पडली नाही. मागं कुणाचा तरी मोबाईल वाजत होता तेवढाच.

हात दोनदा मोजले. ठराव अकरा हातांच्या फरकानं रद्द झाला. तहसीलमध्ये फाईल अजून आहे, खुंट्याही आहेत. चंद्रभाननं कुठल्याच बाजूनं हात वर केला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. बाहेर पडताना सविता समोर आली, मला म्हणाली, "भाऊजी, डबा परत करा माझा." एवढंच.

मी त्याला माफ केलेलं नाही. हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कधी मन पातळ झालं तर वाचता येईल. त्यानं मैदान दिलं असतं तर मी भांडलो असतो आणि विसरलोही असतो. त्यानं माझा आवाज काढून घेतला, तोही दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरून.

१५ फेब्रुवारी, रविवार

नांदेडला गेलो नाही. दोघांची नावं एकाच अर्जावर होती, छातीवरचे क्रमांक एकामागोमाग आलेले. सुरुवातीच्या रेषेवर त्याच्या शेजारी उभं राहावं लागलं असतं.

पाचला मैदानावर गेलो. बेचाळीस किलोमीटर म्हणजे एकशे पाच फेऱ्या आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर. एकशे पाच चिंचोके मोजून डाव्या खिशात भरले. दुसऱ्या वळणावरच्या खुंटीला वळसा घालायचा नाही असं ठरवलं होतं. संघप्रियानं काल ती उपटून बाहेर मांडून ठेवली आहे, सर्व्हेवाल्यांची म्हणून.

उजाडल्यावर चंद्रभान आला. तोही नांदेडला गेला नव्हता. चुन्याच्या रेषेबाहेर बाभळीखाली बसला. आत पाऊल टाकलं नाही. मी त्याच्याकडं बघितलं नाही. चाळीस झाल्या, साठ झाल्या. पोरी आल्या, आठशेचे तीन फेरे मारून गेल्या. ऊन चढलं. नव्वदनंतर मनात भाषण सुरू करून पाहिलं, पण समोर सभाच येईना. नुसती माती आणि चुना.

शंभरच्या आसपास उजव्या खिशात हात घातला तर बोट बाहेर आलं. शिवण उसवली होती. मागं वळून बघितलं तर फेरीवर दोन चिंचोके पडलेले, पुढं अजून एक. किती पडले असतील, किती पोरींच्या बुटांखाली गेले असतील, सांगता येईना. डावा खिसा चाचपायचं सुचलंच नाही, डोकं चालत नव्हतं. पळत राहिलो. चार फेऱ्या, की पाच.

बाभळीसमोरून जात होतो तेव्हा तो बोलला. जहाजावर सांगायचा तशाच आवाजात.

"एकशे पाच. झालं, गुरुजी. आता तेवढं उरलंसुरलं."

आकडा बरोबरच असणार. वीस वर्षांत त्याची मोजणी चुकलेली नाही.

मी एक फेरी जास्त मारली. ती पूर्ण होईपर्यंत तो बाभळीखाली उभा राहिला.